मालिकांना क्रमांक, वीरांना वंदन



प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यात आम्ही कक्षा सहावी ते दहावीच्या मुलांना एका पानाची प्रश्नावली वाटली होती. वरच्या भागात लिहिले होते, 'टीव्हीवरील तुमचे आवडते कार्यक्रम कोणते? पसंतीनुसार क्रमांक द्या.' खालच्या भागात देशाच्या सहा वीरांची नावे दिली होती: राणी लक्ष्मीबाई, मेजर सोमनाथ शर्मा, सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, अब्दुल हमीद, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों आणि कॅप्टन विक्रम बत्रा. तेथेही तेच वाक्य होते, 'पसंतीनुसार क्रमांक द्या.' कल्पना विद्यार्थी परिषदेची होती, पण छापण्यापूर्वी कागदावर सही आमची झाली होती. तेव्हा चूक झाली असेल तर ती आमची.

वरचा भाग मुलांनी फार आनंदाने भरला. 'तारक मेहता', 'कौन बनेगा करोड़पती', 'हास्यजत्रा' यांवरून तर मधल्या सुटीत वादावादीही झाली. खालचा भागही बहुतेकांनी भरला. कक्षा सातवीच्या एका मुलीने मात्र तो कोरा ठेवला आणि खाली पेन्सिलीने लिहिले, 'माझे आजोबा १९७१ च्या लढाईत होते. त्यांना मेडल मिळाले नाही. त्यांचा नंबर कितवा?'

हा कागद आमच्या टेबलावर तीन-चार दिवस पडून होता. शिक्षकांशी चर्चा झाली, विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही विषय निघाला. दोन्ही निकाल वार्षिकोत्सवात फोटोंसह जाहीर करावेत, अशी एक सूचना आली होती. शेवटी आम्ही वरच्या भागाचा निकाल फलकावर लावला. खालच्या भागाचा लावला नाही. तो का लावला नाही, असे मुलांनी विचारले, आणि विचारण्याचा त्यांना हक्कच आहे. म्हणून हा लेख.

क्रमांक लागतो कसा?

आधी हे समजून घेऊ की आवडीचा क्रमांक लागतो कसा. वाटते तितके ते सरळ नाही. समजा, ९ मुले आहेत आणि क, ख, ग या तीन मालिका आहेत. ४ मुलांचा क्रम क, ख, ग असा आहे. ३ मुलांचा ख, ग, क असा, आणि उरलेल्या २ मुलांचा ग, ख, क असा.

फक्त पहिली पसंती मोजली तर 'क' ला ४, 'ख' ला ३ आणि 'ग' ला २ मते पडतात. म्हणजे 'क' पहिली. आता दुसरी रीत घ्या. पहिल्या पसंतीला ३ गुण, दुसरीला २ आणि तिसरीला १. बेरीज करून पाहा: 'क' ला १७, 'ख' ला २१ आणि 'ग' ला १६ गुण. म्हणजे पहिला क्रमांक 'ख' चा! मुले तीच, त्यांची आवड तीच; मोजण्याची रीत बदलली आणि निकाल बदलला. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी हे कक्षा नववीत फळ्यावर मांडले, तेव्हा मुलांचा आधी विश्वासच बसेना.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रमांक हा त्या वस्तूच्या अंगी असलेला गुण नव्हे. कोणाला विचारले, काय विचारले आणि कसे मोजले, यांतून तो तयार होतो.

टीव्हीवरच्या बातम्यांत 'टीआरपी' हा शब्द आपण नेहमी ऐकतो. तोही असाच तयार होतो. देशातील प्रत्येक घरात कोण काय पाहते, हे मोजणे शक्य नाही. म्हणून निरनिराळ्या गावांतील, निरनिराळ्या परिस्थितीतील काही घरे निवडून तेथे मीटर बसवितात. घरातील प्रत्येक माणसासाठी रिमोटवर एक बटन असते. पाहायला बसणाऱ्याने आपले बटन दाबायचे. भारतात हे काम २०१५ पासून 'बार्क' ही संस्था करते. २०२० च्या सुमारास अशी सुमारे ४४,००० घरे होती, आणि त्यांवरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जाई. त्याच वर्षी मीटरच्या घरांना पैसे देऊन आकडे वाढविल्याचे आरोप झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबविण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये.

टीआरपी खोटाच असतो, असे आम्हाला म्हणायचे नाही. जाहिरातदाराला त्याचा उपयोग आहे. पण तो सांगतो इतकेच की कोणता कार्यक्रम किती लोकांनी पाहिला. तो चांगला होता का, खरा होता का, हे तो सांगत नाही.

आमच्या कागदाने काय मोजले?

आता खालच्या भागाकडे येऊ. कॅप्टन विक्रम बत्रा आणि राणी लक्ष्मीबाई ही दोन नावे फार वर आली. राम राघोबा राणे यांचे नाव तळाशी राहिले. कित्येक मुलांनी तर त्यासमोर प्रश्नचिन्ह काढले होते. मग मुलांना राण्यांचे शौर्य कमी वाटले की काय? मुळीच नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हते.

कॅप्टन बत्रा १९९९ च्या कारगिल युद्धात कामी आले. तोवर खासगी वृत्तवाहिन्या सुरू झालेल्या होत्या आणि पहाडावरचे युद्ध घराघरांत दिसत होते. पुढे २०२१ मध्ये त्यांच्यावरील 'शेरशाह' हा चित्रपट आला. तो मुलांनी घरी टीव्हीवर, मोबाइलवर पाहिला. राणी लक्ष्मीबाईंवर 'झाँसी की रानी' ही मालिका २००९ ते २०११ अशी झी टीव्हीवर चालली आणि २०१९ मध्ये दुसरी मालिका कलर्सवर आली.

याउलट राणे यांचा पराक्रम १९४८ चा. भारतात दूरदर्शनचे पहिले प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले आणि मुंबईत केंद्र आले ते १९७२ मध्ये. म्हणजे १९४७ पासून १९७१ पर्यंतच्या युद्धांत लढलेल्या जवानांना घरोघरी टीव्हीवर कोणी पाहिले नाही. घरच्यांनी बातम्या ऐकल्या त्या रेडिओवर.

तर आमच्या कागदाने शौर्य मोजले नाही. कोणाला टीव्हीवर किती जागा मिळाली, एवढेच मोजले. निकाल न लावण्याचे हे पहिले कारण.

राण्यांबद्दल दोन शब्द येथे सांगायलाच हवेत. ते कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे इंजिनियर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले होते. शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, झाडे तोडून आडवी टाकली होती, आणि वरून गोळीबार चालू होता. पहिल्याच दिवशी, ८ एप्रिलला, राणे जखमी झाले. तरी ११ तारखेपर्यंत आपल्या माणसांना घेऊन त्यांनी सुरुंग काढले, अडथळे हटविले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळाले. हा मान जिवंतपणी मिळविणारे ते पहिले.

टीव्हीच्या दृष्टीने पाहा. घोडा उधळतो, तलवार चमकते, नायक कड्यावर चढून घोषणा देतो. कॅमेऱ्याला हे आवडते. पण जमिनीवर पालथे पडून बोटांनी माती उकरीत सुरुंग शोधणारा माणूस तासन्‌तास एकही संवाद बोलत नाही. त्याच्यावर मालिकेचे शंभर भाग निघणे कठीण! पण मागचे रणगाडे पुढे गेले ते त्याच्यामुळेच.

पदकांनाही पायऱ्या असतात, मग?

कक्षा दहावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला बरोबर पकडले. तो म्हणाला, 'सर, सरकारसुद्धा तर क्रम लावते. परमवीर चक्र पहिले, मग बाकीची.'

खरे आहे. शौर्यपदकांचा मानाचा क्रम असा आहे: परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र. यांतील परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोर केलेल्या पराक्रमासाठी असतात. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी असून ती नागरिकांनाही मिळू शकतात.

पण हा क्रम आणि आमच्या कागदावरचा क्रम यांत फार अंतर आहे. येथे कोणी 'मला कोण आवडते' असे विचारीत नाही. घडले काय, कोणी पाहिले, परिस्थिती कशी होती, हे वरिष्ठ अधिकारी लिहून पाठवितात. त्याची वरवर छाननी होते आणि शेवटी राष्ट्रपतींच्या नावाने पदक जाहीर होते. पदकाबरोबर मानपत्र असते आणि त्यात तारीख, ठिकाण, तुकडी आणि केलेले कृत्य यांची नोंद असते. म्हणजे पायरी ठरते ती कृत्याची. माणसाच्या लोकप्रियतेचा तेथे संबंध नाही.

आणि एकाच पायरीवर उभ्या असलेल्यांत पुढे क्रम नाही. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू केले गेले. आजवर ते २१ जणांना मिळाले, त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २०१९ मध्ये खुले झाले, या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना त्यांची नावे देण्यात आली. पहिला कोण आणि एकविसावा कोण, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. सोमनाथ शर्मांना 'पहिले' म्हणतात ते काळाच्या दृष्टीने. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे, हाताला प्लास्टर असताना, ते लढता लढता कामी आले.

हे पदक घडविण्यामागे एका मराठी घराचा हात आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावे. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्माने त्या युरोपीय, मूळ नाव ईव्ह. भारतीय सैन्यातील अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या येथल्याच झाल्या. त्यांनी आपल्या पुराणांचा अभ्यास केला. परमवीर चक्रावर चार वज्रे आहेत. इंद्राचे वज्र दधीची ऋषींच्या अस्थींपासून झाले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. पदक सोन्याचे नाही, चांदीचेही नाही. ते कांस्याचे आहे. त्याची किंमत धातूवर ठरत नाही, हेच त्यातून शिकावे.

मग मालिका पाहू नयेत का?

असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आम्हीच शाळेत असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका लागे. त्यात नसीरुद्दीन शाह अब्दुल हमीद झाले होते. त्याच सुमाराची 'फौजी'. गल्लीत टीव्ही दोनच घरी होते. खिडकीत उभे राहून आम्ही ते भाग पाहिले. १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडणारा हवालदार आम्हाला पाठ्यपुस्तकाच्या आधी त्या खिडकीतून भेटला. मालिका दार उघडून देते, हा तिचा मोठा उपकार आहे. पण दारातच बसून राहू नये, आत जावे.

आत कसे जावे, याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. मुळात आपले 'लष्कर' हे नावच फौजेच्या तळावरून पडले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या सैन्याची छावणी येथे पडली आणि पुढे तिचे शहर झाले. आणि राणी लक्ष्मीबाई, मोरोपंत तांबे यांची कन्या, जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथील लढाईत पडली. फूलबागेतील तिच्या समाधीवरून आपल्यापैकी कितीतरी मुले रोज रिक्षाने जातात.

कोणतीही ऐतिहासिक मालिका पाहिल्यावर तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: हे कोठे आणि केव्हा घडले? राणीच्या मृत्यूची तारीख काही पुस्तकांत १७ जून आणि काहींत १८ जून मिळते. ग्वाल्हेरात बलिदान दिवस १८ जूनला पाळतात. मालिका अशी शंका दाखवीत नाही. इतिहासाला ती दाखवावी लागते.

दुसरा प्रश्न: हे कोणी पाहिले आणि लिहिले? राणीच्या झाशीचे एक साक्षीदार मराठी होते. वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ मध्ये घरून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावातच होते. पुढे त्यांनी लिहिलेली हकिकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या ग्रंथालयात तिची प्रत आहे. मालिकेत तोफा पाहिल्या असतील; आता त्या तोफांच्या आवाजात घरात बसून राहिलेल्या माणसाचे म्हणणेही वाचा.

तिसरा प्रश्न: कथा संपल्यावर उरलेल्यांचे काय झाले? राणीच्या मृत्यूबरोबर मालिका संपते. पण तिचा दत्तक पुत्र दामोदरराव तेव्हा लहान होता. पुढे तो इंदुरात राहिला, तुटपुंज्या पेन्शनवर दिवस काढले आणि १९०६ मध्ये तेथेच वारला. वीर गेल्यावर घरच्यांना पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगायची असतात. टीव्ही ते दाखवीत नाही. पण वीरांचा सन्मान खरा करायचा असेल तर हेही लक्षात ठेवावे लागते.

आजोबांचा नंबर

राहिला त्या मुलीचा प्रश्न. उत्तर आम्हाला सुचेना, म्हणून आम्ही आजोबांनाच शाळेत बोलावले. आधी 'मी काय सांगणार?' म्हणून त्यांनी टाळले. मग नातीने हट्ट केला आणि ते आले.

कक्षा सातवीत ते अर्धा तास बोलले. त्यांचे काम टेलिफोनची तार टाकण्याचे होते. पुढच्या चौकीपासून मागच्या ठाण्यापर्यंत तार ओढायची. गोळ्याने तुटली की रात्री अंधारात हाताने चाचपत जायचे, तुटलेले टोक शोधायचे आणि जोडायचे. 'भीती वाटायची का?' असे एका मुलाने विचारले. ते म्हणाले, 'हो, वाटायची की. पण तार तुटलेली राहिली तर पुढच्यांना मदत मागता येणार नाही, हे त्याहून वाईट वाटायचे.' त्यांचा एक सोबती अशाच एका रात्री गेला तो परतला नाही. 'त्यालाही मेडल नाही,' ते म्हणाले. 'बघायला कोण होते तेथे? अंधार होता.'

वर्गात कोणी काही बोलले नाही. मग एका मुलीने धीर करून विचारले, 'आजोबा, तुम्ही टीव्हीवर फौजेच्या मालिका बघता का?' आजोबा हसले. म्हणाले, 'नाही बाई. मी तारक मेहता बघतो.' सगळा वर्ग हसला!

मुलांनो, तुमच्या प्रश्नावलीचे उत्तर आम्हाला तेथे मिळाले. पदक मिळते ते कोणीतरी पाहिलेल्या, नोंदविलेल्या पराक्रमाला. मालिका निघते ती पडद्यावर शोभणाऱ्या पराक्रमाची. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. पण अंधारात कोणी न पाहता केलेले काम या दोन्हींच्या बाहेर राहते, आणि ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी घरची, गावची आणि शाळेची असते. आजोबांना नंबर नाही, कारण तेथे नंबरच नाहीत. ज्याने आपल्या वाट्याचे काम जिवावर उदार होऊन केले, त्याला आपण वंदन करतो. वंदनाला क्रमांक नसतो.

आता शाळेने काय ठरविले?

विश्वस्त मंडळाच्या संमतीने पुढील गोष्टी ठरल्या आहेत. आवडत्या कार्यक्रमांची प्रश्नावली दर वर्षी भरून घेतली जाईल, कारण मुलांना काय आवडते हे आम्हाला कळले पाहिजे. पण निकालाबरोबर मोजणीची रीतही फलकावर लिहिली जाईल. वीरांना क्रमांक देण्याचा प्रकार बंद. त्याऐवजी प्रत्येक वर्गाने एक नाव घ्यायचे, त्याची माहिती वाचायची आणि एक पान लिहायचे. राम राघोबा राणे हे नाव कक्षा आठवीने आपणहून मागून घेतले आहे.

पालकांना एक विनंती. आपल्या घरात, नात्यात, शेजारी कोणी सैन्यात असेल किंवा होते, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. अधिकारीच हवा असे नाही. चालक, स्वयंपाकी, परिचारिका, तार ओढणारा, कोणीही चालेल. मुलांनी ऐकावे, वहीत लिहावे आणि शक्य तर ते पान शाळेत आणून द्यावे. ती पाने आम्ही ग्रंथालयात एका फाइलीत लावणार आहोत. पहिले पान त्या मुलीनेच लिहून आणले आहे. प्रश्नावलीचा खालचा भाग तिने कोरा ठेवला होता. हे पान दोन्ही बाजूंनी भरलेले आहे.

आपण सर्व ते एकदा येऊन वाचावे, ही नम्र विनंती.